डाव्या कानाचा खुलासा

माझा डावा कान कोणी फोडला याविषयी आज तीन हकिकती प्रचलित आहेत आणि तिन्ही खोट्या आहेत. पहिली आमच्या तांड्याची. तिच्यानुसार होळीच्या खेळात माझ्या वहिनीने काठी घातली, माझा कान गेला आणि कानापाठोपाठ विमानातली नोकरीही गेली. दुसरी माझ्या जुन्या सहकाऱ्यांची. ते म्हणतात की मी गावाकडच्या मारामारीत कान गमावून आलो आणि दोष एका वरिष्ठाच्या माथी मारला. तिसरी खुद्द त्या वरिष्ठाची. तिच्यात माझा कान मुळी फुटलेलाच नाही.

गेल्या उन्हाळ्यात हिंगोलीच्या एका मंगल कार्यालयात माझ्या पुतण्याने, स्वतःच्याच लग्नात, माइक हाती घेऊन पहिली हकिकत भरल्या मांडवाला ऐकवली. "आमच्या आईनं विमान पाडलं!" असे म्हणून त्याने टाळ्या मिळवल्या. ज्या होळीबद्दल तो बोलत होता त्या होळीला तो पाळण्यात होता आणि बहुधा झोपलेला होता. साक्षीदार म्हणून त्याची पात्रता एवढीच. मी उठून उभा राहिलो, तेव्हा शेजारी बसलेल्या वहिनींनी माझा सदरा धरून मला खाली ओढले.

"बसा भाऊजी. लोकं हसून राहिलेत, हसू द्या."

"खोट्यावर हसून राहिलेत."

"लगीन हाय. कोर्ट न्हाई."

मी बसलो. लग्नात बसलो, कागदावर बसणार नाही.

आमचा तांडा औंढा तालुक्यात, सिद्धेश्वर धरणाच्या वरच्या अंगाला आहे. माझे आजोबा पाठीवर धान्य लादलेले बैल हाकत मुलूख फिरले, वडिलांच्या काळात ते फिरणे संपून शेती आली, पण आजोबांचा चाबूक घरात खुंटीला राहिला. त्या चाबकाचा एक नियम होता. बैलाला नाव घेतल्याशिवाय मारायचे नाही. आधी हाक द्यायची, त्याने मान वळवली किंवा पाय उचलला तर हात आवरायचा, नाही तर मारायचा. वडिलांनी तो नियम आम्हा भावांनाही लावला. ते रागीट होते आणि त्यांचा हात जड होता. त्यांनी आम्हाला खूप मारले. परंतु प्रत्येक फटक्याआधी ज्याचे त्याचे नाव घेतले. माझ्या थोरल्या भावाने याचा फायदा घेऊन पळण्यात नैपुण्य मिळवले. मी पळत नसे. औंढ्याच्या शाळेत पहिल्यांदा न सांगता मार बसला. मास्तर फळ्याकडे तोंड करून उभे होते, मागे न बघता त्यांनी डस्टर फेकले आणि ते माझ्या भुवईवर फुटले. डस्टर माझ्यासाठी नव्हतेच. भुवईवर खूण आहे. त्या खुणेविषयीही माझ्या भावाची एक हकिकत आहे, ती पुन्हा कधी तरी त्याच्या तोंडावर खोडून काढीन.

मी वैमानिक कसा झालो, हा इथला विषय नाही. शिष्यवृत्ती मिळाली, फ्लाइंग क्लबमध्ये शिकलो, परवाना काढला आणि नोकऱ्या नसल्यामुळे त्याच क्लबात बरीच वर्षे इतरांच्या मुलांना उडायला शिकवत राहिलो. तिथल्या मुख्य शिक्षकांना गुंडाळलेल्या नकाशाने विद्यार्थ्याच्या बोटांवर मारण्याची सवय होती. मी शिक्षक झाल्यावर ती सवय उचलली नाही, असे माझे काही विद्यार्थी सांगतात. तेही खोटे आहे. मी मारत असे. नाव घेऊन मारत असे.

नव्वदच्या दशकात खाजगी विमान कंपन्या निघाल्या. लहान शहरांकडे पंख्यांची विमाने उडवणाऱ्या अशाच एका कंपनीत मला सहवैमानिकाची जागा मिळाली. माझ्याबरोबरची मुले पोरसवदा होती, बापांच्या पैशाने परदेशातून परवाना घेऊन आलेली. माझ्या कानशिलांवरचे केस पांढरे होऊ लागले होते. एक वर्ष उमेदवारीचे होते. ते वर्ष वरिष्ठांच्या शेऱ्यांवर पार पडले तर कायमची खुर्ची, नाही तर घरी. ही खुर्ची मला किती हवी होती हे शब्दांत मांडणे मला जमत नाही. आमच्या तांड्यातून तोवर हिंगोलीच्या पुढे नोकरीला गेलेली माणसे एका हाताच्या बोटांवर मोजता आली असती आणि त्यांतली बहुतेक ट्रक चालवत.

पगाराविषयी इतके गैरसमज आहेत की त्यांचाही निकाल इथेच लावतो. उमेदवारीत मिळे त्याला कंपनी विद्यावेतन म्हणे. त्यातून प्रशिक्षणाचा खर्च कापला जाई, आणि उरलेल्यात विमानतळाजवळच्या वस्तीत आम्ही चौघे एका खोलीत राहत असू. हट्टा गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या माझ्या भावाला माझ्यापेक्षा जास्त मिळत होते. भाऊ हे आजही मान्य करत नाही. औंढा ते हिंगोली काळी-पिवळी जीप चालवणाऱ्या एका ओळखीच्या ड्रायव्हरने मला भर स्टँडवर विचारले होते:

"पायलटसाहेब, शीटमागं किती सुटतं?"

"शीटमागं काही नाही. पगार ठरलेला."

"म्हंजे रिकामं इमान नेलं तरी तेवढंच, आन् भरून नेलं तरी तेवढंच?"

"तेवढंच."

"मंग भरून नेता कशाला?"

 माझा एक चुलतभाऊ तिथेच उभा होता. "खोटं बोलून राहिला. लाखानं कमावतो आन् भावकीला द्याला नको म्हनून लपवतो," असे तो म्हणाला. मी त्याचे नाव घेतले आणि त्याला मारले. त्याचा एक दात पडला. तो आधीपासून हलत होता असे माझे मत आहे. त्याचे मत वेगळे आहे.

आता हेडसेट. पंख्यांच्या विमानात आवाज एवढा असतो की शेजारच्या खुर्चीवरचा माणूस ओरडला तरी फक्त त्याचे ओठ हलताना दिसतात. म्हणून दोन्ही कान झाकणाऱ्या वाट्या आणि ओठांपुढे माइक अशी ती जोडणी डोक्यावर चढवायची. नियंत्रण कक्ष, कॅप्टन, सगळे त्यातूनच ऐकू येते. कॅप्टन लोक स्वतःचा परदेशी हेडसेट पेटीतून आणत. आम्हा उमेदवारांना कंपनीचे सामायिक हेडसेट मिळत. ते कॉकपिटमध्ये हुकाला टांगलेले असत. आधीच्या माणसाच्या घामाने ओले, वरचे कातडे सोललेले, आतला स्पंज भुगा होऊन गळणारा. दिवसाची चार उड्डाणे झाली की कानाच्या कडा सोलून निघत आणि उशीला रक्त लागे.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा वहिनींनी माझे कान पाहिले. त्यांचा सातवा महिना चालू होता. अंधार पडेपर्यंत ओसरीवर बसून त्यांनी हेडसेटच्या वाट्यांसाठी दोन गवसण्या शिवल्या: लाल सुती कापड, आतून मऊ, दोरी ओढली की घट्ट बसणाऱ्या, आणि वरून आमच्या बायका कांचळीवर, म्हणजे चोळीवर, भरतात तसा कशिदा. मधोमध एकेक आरसा लावला होता. आरसे मी ड्यूटीवर जाण्याआधी कात्रीने काढले. हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे त्या वरिष्ठाने असे सांगितले की माझ्या कानावरच्या आरशाची तिरीप डोळ्यांत गेल्याने त्याचे विमान आपटले. आरसे नव्हते. त्यांच्या जागी टाक्यांची वर्तुळे तेवढी उरली होती.

तो वरिष्ठ कॅप्टन वयाने माझ्याहून लहान, मोठ्या शहरात वाढलेला, हाताने उत्तम आणि तोंडाने घाणेरडा होता. हाताने उत्तम, हे मी त्याच्या बाजूने लिहितो आहे. त्याने माझ्या बाजूने कधी काही लिहिले नाही. गवसण्या पाहून तो पहिल्याच दिवशी म्हणाला:

"हे काय, कानांना परकर नेसवलेस?"

"सर, स्पंज गळतो."

"तुमच्या तांड्यावर बैलांना पण असंच सजवतात ना?"

"बैलांना याहून चांगलं सजवतात, सर."

त्या उत्तराचा त्याने डूख धरला. त्यानंतर माझे नाव त्याच्या तोंडी कधी आले नाही. "ए परकर" अशी हाक मारी, तीही मनात आले तर.

फाल्गुनात एका दुपारी आम्ही एका लहान विमानतळावर उतरत होतो. वारा आडवा होता. उतरताना वेग ठरल्यापेक्षा कमी झाला तर तो मोठ्याने सांगणे हे सहवैमानिकाचे काम असते. त्यासाठीच तो तिथे बसवलेला असतो. वेग उतरला. मी सांगितले. त्याने ऐकले नाही. मी पुन्हा सांगितले. "तोंड बंद," तो म्हणाला. विमान धावपट्टीवर आपटले, उसळले, पुन्हा आपटले. मागे कोणी तरी किंचाळले. आम्ही धावपट्टी सोडून बाजूच्या मार्गावर आलो, त्याने विमान थांबवले, माझ्याकडे वळला, उजव्या हाताने माझी डावी गवसणी पकडून वाटी कानावरून वर उचलली, आणि दुसऱ्या हाताचा पंजा पोकळ करून उघड्या कानावर थप्पड मारली. तोंडातून एक शब्द काढला नाही. नाव घेतले नाही. मी समोर विमान उभे करण्याच्या जागेकडे पाहत होतो.

पटाखा फुटावा तसा आवाज झाला आणि मग डावी बाजू विझली. कानातून काही तरी ऊन ऊन गळ्याकडे उतरले.

मी त्याला तिथे मारले नाही. यावर सहकाऱ्यांनी पुष्कळ शहाणपण सांगितले आहे: घाबरला, नोकरीला चिकटला, ऊठबस तांड्याच्या शौर्याच्या गोष्टी सांगतो आणि हात उचलता आला नाही. इंजिने चालू होती. पंखे फिरत होते. मागे माणसे बसलेली होती. कॉकपिटमध्ये मारामारी करणाऱ्याला मी शूर म्हणत नाही. पुढे मी जमिनीवर एका माणसाला मारले तेव्हा याच लोकांनी मला गुंड ठरवले. एकाच माणसाला भित्रा आणि गुंड ठरवायचे असेल तर निदान दोन वेगळ्या तोंडांनी ठरवावे. परतीचे उड्डाण मी उजव्या कानावर केले आणि त्यात एकही हाक चुकवली नाही.

दोन दिवसांनी होळीची रजा होती. कान कोणाला दाखवला नाही. डोळा आणि कान या वैमानिकाच्या दोन खुर्च्या, त्यांतली एक मोडली की दुसरीवर बसता येत नाही. शहरातल्या डॉक्टरला गाठून आधी काय ते कळावे, मग बोलावे, असा माझा विचार होता. कानात कापूस घालून मी तांड्यावर गेलो.

आमच्या होळीविषयी बाहेर जे सांगतात त्यात पोरखेळ अधिक असतो, म्हणून थोडक्यात. वर्षभरात ज्या घरी मुलगा जन्मला असेल त्या घरापुढे धुळवडीला खुंट रोवतात आणि त्याला गोडाचे पातेले बांधतात. पुरुषांनी ते पळवायचे, बायकांनी राखायचे. बायकांच्या हाती ओल्या काठ्या असतात आणि त्या खेळातल्या नसतात. पाठी फुटतात, गुडघे सुजतात. वर्षभर जी बाई खाली मान घालून भाकरी वाढते तीच त्या दिवशी सासऱ्याच्या भावालाही सोडत नाही. आमच्या तांड्याचा नियम एवढाच की फटक्याआधी हाक द्यायची. भाऊजी, मामा, दादा, जे नाते असेल ते मोठ्याने पुकारायचे आणि "हे घ्या" म्हणायचे. आजोबांचा बैलाचा नियम इथून आला, की हा तिथे गेला, मला माहीत नाही.

त्या वर्षी खुंट आमच्याच दारात होता. पाळण्यात तो, आजचा नवरदेव. मुलाच्या काकाने मागे राहणे शक्यच नव्हते. मी पातेल्याला हात घातला, कोणी तरी मांडीवर मारले, कोणी पाठीवर. त्या सगळ्या हाका उजवीकडून आल्या, ऐकल्या, जमले ते फटके चुकवले. वहिनी डावीकडून आल्या. त्यांनी हाक दिली. अख्ख्या तांड्याने ती ऐकली: "भाऊजी, हे घ्या!" मी सोडून सगळ्यांनी ऐकली. काठी कानाच्या वर, हाडावर बसली. मी गुडघ्यावर आलो आणि रक्त डोळ्यात उतरले. बायका नाचू लागल्या, "इमान पाडलं, इमान पाडलं!" वहिनी मात्र काठी टाकून माझ्यासमोर वाकल्या.

"आवं, हाक दिली की म्या! वाकला काहून न्हाई?"

"नेम चुकेल वाटलं."

जखमेत हळद भरली गेली. खेळ पुढे चालू राहिला.

जे लोक काठीने कान फुटला म्हणतात त्यांनी इथे क्षणभर थांबावे. कान धड होता तर मी हाक का ऐकली नाही? पोरे ऐकतात, म्हातारे ऐकतात, तांड्याच्या प्रमुखाच्या, नायकाच्या, घरापर्यंत हाक जाते आणि हातभर अंतरावर मी ऐकत नाही. याचे उत्तर आजवर कोणी दिलेले नाही. माझ्या पुतण्याने तर प्रश्नच ऐकलेला नाही.

शहरातल्या डॉक्टरांनी कानात दिवा लावून पाहिले. पडद्याला भोक होते. डोक्यावरच्या जखमेचा त्याच्याशी संबंध नाही, असे ते म्हणाले. असे भोक हवेच्या दाबाने पडते, पोकळ हाताची थप्पड बसली की पडते. काही आठवड्यांत ते आपोआप भरून येईल, असेही म्हणाले. हे सर्व तोंडी. लेखी द्या म्हटल्यावर त्यांचा आवाज बसला, कारण त्यांचे निम्मे रोगी आमच्या कंपनीचे होते.

कंपनीच्या उड्डाणप्रमुखाने मला बोलावून घेतले. मनुष्य वाईट नव्हता. त्याने दार लावले, चहा मागवला.

"गावी होळीत लागलं, एवढंच म्हण. दोन महिने विश्रांती घे. कान भरला की तपासणी, आणि खुर्ची तुझी. वर्ष पार झालं असं समज."

"गावी लागलं ते डोक्याला. कानाला लागलं ते तुमच्या विमानात."

"कॅप्टन म्हणतो, त्याने हातही लावला नाही."

"मग कानाने स्वतःला मारून घेतलं असेल."

तो हसला नाही. "हे बघ, त्याच्या शब्दापुढे तुझा शब्द. उमेदवाराचा शब्द. तू अडून बसलास तर खुर्ची जाईल. तुमच्यात बायका काठ्यांनी मारतात असं मी ऐकलंय. मग अडचण काय आहे?"

"मारतात, साहेब. पण आधी हाक देतात. न सांगता मारायची रीत तुमच्याकडची आहे. ती आमच्या नावावर घालू नका."

चहा तसाच ठेवून मी उठलो. खुर्ची वाचवायची तर वहिनींच्या काठीवर खोटे टाकायचे होते, एवढाच तो सौदा होता. मला अजूनही शहाणी माणसे सांगतात की टाकायचे होते, काठीला काय कळते. काठीला कळत नाही, वहिनींना कळते.

रजेवर तांड्यात होतो तेव्हा कंपनीचा चौकशी अधिकारी जीप करून आला. मी भावाबरोबर धरणाकडच्या रानात गेलो होतो. परत आलो तो नायकाच्या दारातल्या लिंबाखाली बाज टाकलेली, तिच्यावर चष्मा लावलेला, गोड बोलणारा एक गृहस्थ, हातात ताकाचा पेला आणि भोवती सगळा बायकांचा घोळका. आमच्या बायका आपसात गोरमाटीत, म्हणजे आमच्या बंजारा बोलीत, बोलतात, पाहुण्याशी इकडची मराठी. गृहस्थाने प्रश्न एवढाच विचारला होता की होळीत पायलटसाहेबांना कोणी मारले.

कोणत्याही दुसऱ्या गावात या प्रश्नावर सगळ्यांनी हात झटकले असते. आमच्याकडे होळीचा फटका ही अभिमानाची गोष्ट. शहरातून साहेब आला तो आपली काठी बघायला आला, असेच त्यांना वाटले.

"पाठीवर माझी. दोनदा."

"पाठीवरचं काय सांगती गं? मांडीवर माझी बसली, दोन दिस लंगडून राहिला."

"तुझी कुठली? तुझी पातेल्यावर बसली!"

"डोक्यावर कोणाची?" गृहस्थ म्हणाला.

एकदम तिघी बोलल्या. त्यांना बाजूला सारून वहिनी पुढे आल्या. कडेवर हा, आजचा नवरदेव.

"डोक्यावरची माझी. समद्यांनी पाहिली. रगत काढलं म्या."

"डोक्यावर म्हणजे, कानावर?"

"कानावर."

"डाव्या?"

"व्हय. बराबर डाव्या."

नायकानेही मान डोलावली. "आमच्या पोरी नेम चुकत न्हाईत, साहेब."

मी जवळ पोचेपर्यंत गृहस्थ ताक संपवून उठला होता. मला पाहून त्याने हात पुढे केला. "झालं तुमचं काम. घरच्यांनीच सांगितलं. उगाच ताणलंत." आणि मग हळूच, मला एकट्याला, म्हणाला, "असल्या लोकांतून येऊन कॅप्टनवर आळ घेता?"

मी त्याला मारले की नाही यावर तांड्यात दोन मते आहेत. भाऊ म्हणतो मी फक्त ढकलले. भाऊ मास्तर आहे, त्याला नोकरीची काळजी असते. मी मारले. एक पाऊल मागे सरलो, मोठ्याने म्हणालो, "साहेब, हे घ्या," आणि उजव्या हाताची थप्पड मारली. हाक सगळ्यांनी ऐकली. त्याला वाकायला वेळ होता. चष्मा ताकाच्या पेल्यात पडला, गृहस्थ जीपच्या दारावर आपटला, नाकातून रक्त आले. भावाने मला मागून मिठी मारली. ड्रायव्हरने साहेबाला आत ओढून जीप उलटी काढली ती लिंबाच्या बुंध्याला घासून गेली. ते घासल्याचे व्रण अजून आहेत.

 वहिनींनी विचारले:

"म्या काय वंगाळ सांगितलं, भाऊजी?"

"काही नाही. तुम्ही सांगितलंत ते खरंच होतं."

भावाने त्यांना सगळे समजावून सांगितले: विमान, थप्पड, खुर्ची. त्या ऐकत होत्या आणि मूल कडेवर हलवत होत्या. नंतर घरात जाऊन त्यांनी आपली काठी आणली, गुडघ्यावर मोडली आणि चुलीत घातली.

मला कंपनीने काढले. कान गेला म्हणून नव्हे, हे स्पष्ट असावे. कान पावसाळ्याआधीच भरून आला होता. मला एका थपडेसाठी काढले, आणि ती थप्पड सांगून मारलेली होती. मी पुन्हा क्लबात शिकवायला गेलो. पुढच्या होळीला वहिनी खेळायला आल्या नाहीत. घरात बसून राहिल्या. बायका दारात उभ्या राहून टोमणे मारत होत्या, "एक इमान पाडलं आन् थकली का गं?"  तांड्यात तेव्हापासून हेच रूढ झाले की तिने दिराची भाकरी हिसकली. मी प्रत्येकाला गाठून सांगितले. काहींशी भांडलो, एकाशी हातघाईवर आलो. उपयोग झाला नाही. मी वहिनीला सांभाळून घेतो आहे, असा अर्थ लोकांनी काढला, आणि वहिनींनीही तोच काढला. "तुमी मनाचे मोठे हाय, भाऊजी," त्या म्हणत. मला याचा सर्वांत जास्त राग येई. मी मनाचा मोठा नाही. मी खरे बोलत होतो.

नव्या शतकाच्या आरंभी दुसऱ्या एका लहान कंपनीने मला बोलावले. तपासणीत त्यांनी माझ्या दोन्ही कानांत बारीकसे सूर सोडले, ते सर्व मी ओळखले. खुर्ची मिळाली. ती मी निवृत्तीपर्यंत सोडली नाही, आणि तिच्या डावीकडच्या, कॅप्टनच्या खुर्चीवरही पुढे बरीच वर्षे बसलो. नव्या हेडसेटलाही त्याच गवसण्या होत्या. त्यांना कोणी काही म्हणाले नाही.

रुजू होण्याआधी होळी आली. मी वहिनींच्या दारात गेलो, तुरीच्या शेतातून घेतलेली नव्हे, चांगली बाभळीची ओली काठी त्यांच्यापुढे टाकली.

"उठा."

"न्हाई भाऊजी. माझ्या हातानं पुन्हा न्हाई."

"मी पाठ करून उभा राहतो. डावीकडून या. हाक द्या. ऐकू आली तर वाकेन. तुमच्या काठीने कान गेला की नाही, याचा निकाल होऊन जाऊ द्या."

त्यांनी काठी उचलली, वाकवून पाहिली. मग उठल्या. मी अंगणात पाठ करून उभा राहिलो, डावा कान त्यांच्याकडे. सगळा तांडा गोळा झाला. ढोलकी थांबली. पुतण्या, आता शाळेत जायला लागलेला, कोणाच्या तरी पायाशी नाक ओढत उभा होता.

काठी खांद्यावर बसली. मी वाकलो नव्हतो. हात बोटांपर्यंत बधिर झाला.

तांड्यात एकच गलका झाला. "न्हाई ऐकलं! बहिराच हाय!" बायका वहिनींवर धावल्या, "वरडली न्हाईस तू! हाक न देता मारलं!"

"दिली हाक," वहिनी म्हणाल्या. "ज्याला ऐकायची त्यानं ऐकली."

तिथूनच ती पहिली हकिकत पक्की झाली. ज्यांनी ती होळी डोळ्यांनी पाहिली ते सगळे शपथेवर सांगतील की पायलटच्या डाव्या कानाला ऐकू येत नाही, आणि त्यांचे लेकरू आज माइकवर तेच सांगते.

गलका ओसरल्यावर वहिनी जवळ आल्या. काठी हातातच होती.

"काय म्हनलं म्या?"

त्यांनी हाक ओठांतल्या ओठांत दिली होती, तीही 'भाऊजी' म्हणून नव्हे. शेजारच्या बाईलाही ती कळली नव्हती.

"'कॅप्टन, हे घ्या' म्हणालात."

त्यांनी माझ्या डाव्या कानाकडे पाहिले, मग तोंडाकडे.

"मंग वाकला काहून न्हाई?"

"नेम बघत होतो."

"पाहिला?"

"पाहिला."

"आता पातेल्याकडं फिरकू नका," त्या म्हणाल्या, पदर खोचला आणि काठी घेऊन खुंटाकडे गेल्या. थोड्याच वेळात तिकडून त्यांची हाक ऐकू आली, माझ्या भावाच्या नावाने, आणि लगेच भावाची किंकाळी.